वटारचा तुरा, उमेळ्याचा तुरा

‘संडे लॉजर्स’ नावाच्या बँडमधले चार इंग्रज मी कधी पाहिले नाहीत. त्यांचं एकही गाणं मला पुरतं कळलेलं नाही. पण त्यांच्यातल्या गाणाऱ्याच्या केसांबद्दल मला जेवढं माहीत आहे, तेवढं त्याच्या बायकोलाही, असलीच तर, माहीत नसेल. कानाच्या वर किती बोटं सोडायची, कपाळावरचा तुरा डावीकडे किती झुकवायचा, मागे कात्री कुठे थांबवायची, हे मी डोळे मिटून सांगेन. छत्तीस वर्षं मी ते एक डोकं दोन माणसांवर कापत आलो. एक वसईजवळच्या वटार गावचा, एक उमेळ्याचा.

वडिलांनी चिपळूणकडून येऊन वसईत, पापडीला, तीन खुर्च्यांचं सलून टाकलं. दहावीनंतर मी त्यात उभा राहिलो तो परवापरवापर्यंत उभाच होतो. आता दुकान पुतण्या चालवतो. मी सकाळी दोन तास जातो आणि माझी जुनी गिऱ्हाईकं तेवढी घेतो. लोकांना वाटतं आमचं काम केस कापायचं. कापणं सोपं असतं. किती सोडायचं हे कळणं कठीण. ज्याला ते कळलं तो कारागीर, बाकीचे मेंढ्या भादरणारे, असं वडील म्हणायचे. ते माझ्याकडे बघून म्हणायचे म्हणून चांगलं लक्षात राहिलं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा एका रविवारी विल्सन पहिल्यांदा दुकानात आला. वटारचा, केळीच्या वाडीवाल्या घरातला, कॉलेजात जाणारा उंच, लाजरा मुलगा. खुर्चीत बसल्यावर त्याने खिशातून कॅसेटच्या डबीतला कागद काढला आणि उलगडून माझ्यापुढे धरला. त्यावर टपाल तिकिटाएवढ्या फोटोत चार माणसं भिंतीला टेकून उभी होती. चौघेही असे दिसत होते, की त्यांना कोणीतरी जेवणाच्या ताटावरून उठवून आणलंय.

“दत्ताभाऊ, दुसऱ्या नंबरचा. असे कापता येतील?”

“कोण आहे हा?”

“इंग्लंडचा आहे. गातो. मामेभाऊ बोटीवर असतो, त्याने ही कॅसेट आणली.”

मी भिंग मागवलं. खोटं नाही सांगत, शेजारच्या घड्याळवाल्याकडून भिंग आणून मी तो फोटो पाहिला. बाजू बारीक, पण मशिनने नव्हे, कंगव्यावर कात्री चालवून केलेल्या. वर तीन बोटं केस, पुढचे सगळ्यात लांब, आणि ते उभे करून किंचित डावीकडे ढकललेले, कोंबड्याच्या तुऱ्यासारखे. आपल्याकडे अशी फॅशन जुन्या सिनेमांत होऊन गेली होती, पण ह्याचा तुरा वेगळा होता. टेचात नव्हता. जरा थकलेला होता.

केस असे उभे राहत नाहीत. त्यांना उभं राहायची सवय लावावी लागते. आधी मुळापाशी दोन थरांत कापायचं, खालचा थर आखूड, म्हणजे तो वरच्याला टेकू देतो. मग ओले असतानाच उलट दिशेने वाळवायचे. त्यात वसईची खारी, दमट हवा. पापडीला उभा केलेला तुरा वटारला बस पोचेपर्यंत आडवा. पहिल्या तीन रविवारी विल्सनचं तसंच झालं, पण तो कुरकुरला नाही. चौथ्या रविवारी मला थर सापडला. त्याने आरशात पाहिलं आणि एवढंच म्हणाला, “हां.” माझ्या पोराचं पुढे लग्न जमलं तेव्हासुद्धा मला तेवढा आनंद झाला नसेल.

तो कागद मी आरशाच्या चौकटीत खोचून ठेवला, बघून कापायला लागायचं म्हणून. त्यावरूनच पुढचं घडलं. उमेळ्याचा हरेश्वर बाकावर नंबर लावून बसला होता. खाडीकाठच्या शेतकरी घरातला पोरगा. बारावीत नापास झाला होता आणि त्या वर्षी तो कोणाशीच बोलत नव्हता. त्याची आई भाजी विकायला यायची तेव्हा माझ्या बायकोला सांगायची, “पोरगा ताटाव बसतो, आनि नुसता पान्याकडं बघतो.” तर त्या दिवशी हा मुका पोरगा आरशाजवळ गेला, फोटो बघितला आणि खुर्चीतल्या विल्सनला विचारलं, “हा काय गातो?”

विल्सन म्हणाला, “ऐकशील?”

दुकानात टेपरेकॉर्डर होता. एरवी त्यावर भजनं नाहीतर सिनेमाची गाणी चालायची. विल्सनने पिशवीतून कॅसेट काढली आणि मी ती लावली. एक गिटार सुरू झाली, बारीक, एकसारखी. मग एक माणूस गाऊ लागला. ओरडणं नाही, आळवणं नाही. खिडकीशी उभं राहून स्वतःशीच बोलावं तसा तो गात होता. दुसऱ्या खुर्चीतल्या गिऱ्हाइकाने साबण लावलेल्या तोंडाने विचारलं, “दत्ता, कोण गेलं काय रे?” सगळे हसले. हरेश्वर हसला नाही. तो टेपरेकॉर्डरपाशी, आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. गाणं संपल्यावर विल्सनने त्याला अर्थ सांगितला. एक माणूस रोज स्टेशनबाहेरच्या हॉटेलात जातो, दोन चहा मागवतो, एक समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवतो, आणि वेटरला सांगतो, येतीलच आता.

हरेश्वर म्हणाला, “परत लाव.”

त्या दिवशी ते गाणं चार वेळा लागलं. दोन गिऱ्हाईकं कंटाळून उठून गेली. जाताना विल्सनने कॅसेट हरेश्वरच्या हातात दिली. आणि पुढच्या रविवारी दुकानात एकाच्या जागी दोन डोकी हजर. हरेश्वर म्हणाला, “दादा, माजा पन तसाच कर.”

त्यानंतर आठवड्याच्या आत हरेश्वरचे वडील छत्री आपटत दुकानात आले. शेतावरून आले होते, पोटऱ्यांपर्यंत चिखल. तीनही खुर्च्यांवरच्या कात्र्या थांबल्या.

“माज्या पोराच्या डोक्याव ह्यो तुरा कोनी काडला?”

“मी काढला, बाबा.”

“कोंबडा हाय काय त्यो? सगला गाव हसतं!”

मी त्यांना बसा म्हणालो. आमच्या धंद्यात चिडलेल्या माणसावर एकच औषध असतं. त्याला खुर्चीत बसवायचं, मान मागे टेकवायची आणि गालाला साबण लावायचा. गळ्याशी वस्तरा असला की माणूस हळू बोलतो. बाबा बसले. दाढी निम्मी झाल्यावर मी म्हणालो, “पुढच्या वेळी आला की उतरवतो. तुम्ही सांगाल तसं.” दुसरा गाल करून झाला, तुरटी फिरवली, तेव्हा आरशात बघत म्हणाले, “त्यो वटारचा पोरगा रविवारी घरी आलता. दोघं जनं गानी म्हनत व्हते. म्हावऱ्याचं जेवन केलं. पोरगा आयशीसंगं बोलला.” मग उठले, छत्री घेतली आणि दारातून म्हणाले, “ऱ्हाऊ दे तुरा.”

दोघांचं प्रेम म्हणजे काय होतं, ते आजच्या पोरांना सांगून कळायचं नाही. त्यांच्याकडे चार इंग्रजांच्या मिळून दोन कॅसेट होत्या, आणि तिसरी येणार म्हणून ते वाट बघत होते. विल्सनचा मामेभाऊ बोटीवरून आला की दोघे त्याला स्टेशनवर गाठायचे. दोन वर्षं ‘नवीन नाही आली’ एवढंच उत्तर. तिसऱ्या वर्षी मामेभावाने कुठल्याशा बंदरावर दुकानदाराला विचारलं तर तो हसला. म्हणाला, हा बँड मोडून चार वर्षं झाली. म्हणजे विल्सनने माझ्यापुढे तो कागद धरला तेव्हाच हे चौघं एकमेकांशी भांडून आपापल्या घरी गेले होते! तो रविवार मला आठवतो. दोघं बाकावर असे बसले होते की येणारी गिऱ्हाईकं चपला बाहेर काढून हळूच आत येत होती.

“आता काय?” मी विचारलं.

“काय म्हणजे?” विल्सन म्हणाला. “तुम्ही कापा ना.”

आणि मी कापत राहिलो. हा कट पंचक्रोशीत पसरेल असं मला तेव्हा वाटलं होतं. दुकानात थोडे दिवस ‘वटारवाला कट’ म्हणून मागणी आली खरी. पण चिंचोटीच्या एका नवरदेवाने लग्नाच्या सकाळी हट्टाने तो करून घेतला. त्याचे केस कुरळे, नारळाच्या काथ्यासारखे. मी नको म्हणत होतो. दीड तास खपून, क्रीमची अर्धी बाटली ओतून तुरा उभा केला. मंडपात भर उन्हात क्रीम वितळलं, मुंडावळ्यांतून डोळ्यांत गेलं, आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत नवरदेव ढसाढसा रडतोय असं समजून मुलीकडच्या बायकाही रडल्या. नंतर त्या गावातून वर्षभर एक गिऱ्हाईक आलं नाही. गाणाऱ्यावर प्रेम नसेल त्याने त्याचा तुरा ठेवू नये, हा धडा मी घेतला.

विल्सन पुढे शाळेत गणित शिकवू लागला. हरेश्वर इलेक्ट्रिकचं काम शिकला, उमेळ्यात बिल्डिंगी उठू लागल्या तसं त्याला कामही भरपूर मिळालं. लग्नं झाली. दोघांच्या बायका मैत्रिणी झाल्या, त्यांना त्या गाण्यांचा सारखाच वैताग होता. विल्सनला मुलगी झाली, शर्लिन. तिच्या अभ्यासाच्या टेबलावरचा दिवा हरेश्वरने जोडून दिला, आणि ती त्याला सख्ख्या काकासारखी हक्काने हाका मारायची. कुठून कुठून जुन्या रेकॉर्डी मिळवल्या, मग सीडी आल्या, फोन आले, पण गाणी तीच, वीस-बावीस. दर रविवारी दोघं यायचे, एकाचे केस कापून होईपर्यंत दुसरा थांबायचा, आणि अमक्या गाण्यात ढोल एक ठोका उशिरा का येतो, ह्यावर ते अशी चर्चा करायचे जशी इतर लोक निवडणुकीवर करतात.

हरेश्वरचे वडील गेले तेव्हा दहाव्याला मीच गेलो. खाडीच्या काठावर बसून हरेश्वर म्हणाला, “काड, दादा.” वीस वर्षं जपलेला तो तुरा. वस्तरा कपाळाशी टेकवला आणि मी थांबलो. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, “बाबाच बोलला व्हता, ऱ्हाऊ दे. आता बाबा न्हाई तं काड.” मी काढला. पुढच्या रविवारी विल्सन एकटाच आला, खुर्चीत बसला आणि म्हणाला, “आज उभे नको. नुसते विंचरून ठेवा.” त्याच्या पुढल्याही रविवारी तेच. हरेश्वरचे केस तीन बोटं वाढेपर्यंत, म्हणजे जवळजवळ पाच महिने, विल्सनने स्वतःचा तुरा उभा केला नाही. का, ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही, आणि हरेश्वरच्या ते लक्षात आलं की नाही हे मला आजही ठाऊक नाही.

पन्नाशीनंतर केस विरळ झाले. इथे कारागिराची खरी परीक्षा असते. कानावरचे केस टकलावर आडवे ओढून आणणं म्हणजे फसवणूक, ती मी कधी केली नाही. मी थर बदलला, बाजू आणखी बारीक केल्या, म्हणजे वरचं थोडंसुद्धा भरीव दिसतं. तुरा लहान होत गेला, पण होता.

आणि मग साडेतीन वर्षांपूर्वीचा तो पावसाळा.

शर्लिन तोवर नर्स होऊन इंग्लंडला गेली होती. विल्सनला त्याचा कोण अभिमान! ज्या गावातून ते चौघं आले त्याच्या जवळच्याच हॉस्पिटलात तिला नोकरी लागली होती. एका शनिवारी विल्सन अवेळी आला. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. खुर्चीत बसला, मी कापड बांधलं आणि तो बोलू लागला. ड्यूटी संपवून शर्लिन बसस्टॉपवर उभी होती. एक माणूस तिच्यावर ओरडला, आपल्या देशात परत जा म्हणाला, आणि हातातला बिअरचा डबा तिच्या गणवेशावर ओतला. आजूबाजूचे लोक नुसते बघत राहिले.

“तिने मला फोनवर सांगितलं. आईला सांगू नका म्हणाली,” विल्सन म्हणाला. “दत्ताभाऊ, कोणालाही सांगू नका. हरेशलाही नाही. त्याच्या बायकोला कळलं की माझ्या घरी कळेल.”

मी मान हलवली. खुर्चीत लोक काय काय सांगतात! आजार, भानगडी, पोटच्या पोरांबद्दलचे संशय. खुर्चीतलं खुर्चीत राहतं. हा आमच्या धंद्याचा पहिला नियम, कात्री धरण्याच्याही आधीचा.

पुढच्याच आठवड्यात त्या गाणाऱ्याची मुलाखत आली. म्हातारा झाला होता तो आता. त्यात तो म्हणाला होता, की बाहेरून आलेल्या लोकांनी आमचा देश बिघडवला, त्यांनी आपापल्या घरी जावं. रविवारी दोघं दुकानात आले ते फोनवर तीच मुलाखत घेऊन. विल्सनचा चेहरा पांढरा पडला होता.

हरेश्वर म्हणाला, “म्हातारपणी डोकं फिरलंय त्याचं. गाणी त्या वेळची आहेत, तेव्हा तो असा नव्हता.”

“तुला काय माहीत? तेव्हाही हेच असेल मनात.”

“मग काय, इतकी वर्षं आपण वेडे होतो?”

“मी होतो,” विल्सन म्हणाला. “तुझं तू बघ.”

“असं कसं बोलतोस? एका मुलाखतीवरून? तू मास्तर माणूस, तुला लाल पेन घेऊन बसायची सवयच आहे. तुझं काय घोडं मारलं त्यानं?”

खुर्चीतल्या विल्सनने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी बोलावं म्हणून नव्हे, बोलू नये म्हणून. मग म्हणाला, “दत्ताभाऊ, सगळं सपाट करा. मशीन लावा.”

मी म्हणालो, विल्सन, आठवडाभर थांब. तो म्हणाला, “तुम्ही लावता की मी दुसरीकडे जाऊ?” मी पुतण्याचं मशीन घेतलं आणि पाच मिनिटांत बत्तीस वर्षांचं काम उतरवलं. हरेश्वर तोवर निघून गेला होता.

त्यानंतर विल्सन शनिवारी येऊ लागला आणि हरेश्वर रविवारी. सव्वा वर्ष. घर मोडलेल्या नवरा-बायकोमधल्या पोरासारखं माझं झालं. हरेश्वर खुर्चीत बसून इकडचं तिकडचं बोलायचा आणि शेवटी विचारायचा, “तो कसा आहे?” मी सांगायचो, “मागचे केस पांढरे झालेत बरेच.” शनिवारी विल्सन विचारायचा, “हरेशचं काय?” मी म्हणायचो, “भोवऱ्यापाशी विरळ झालंय.” केसांपलीकडचं मी काही बोललो नाही. पण हरेश्वरचा समज दिवसेंदिवस घट्ट होत होता, की विल्सन शिकलेला, म्हणून त्याला आपली लाज वाटते, आणि मुलाखत हे नुसतं निमित्त. मला माहीत होतं की तसं नाही. मी गप्प होतो.

मग एका रविवारी निम्मं डोकं झालेलं असताना हरेश्वर म्हणाला, “दादा, घरातल्या सगळ्या कॅसेटी, रेकॉर्डी देऊन टाकतो. कोणी घेणारा असला तं बघ.”

“का रे?”

“एकट्यानं ऐकवत नाही.”

माझी कात्री थांबली. बारावी नापास झालेला, टेपरेकॉर्डरपाशी पाठ करून उभा राहिलेला तो पोरगा मला माहीत होता. आता त्याचे खांदे पुन्हा तसेच दिसत होते. मी कात्री खाली ठेवली आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा खुर्चीतलं खुर्चीबाहेर काढलं. बसस्टॉप, तो माणूस, बिअरचा डबा, सगळं सांगितलं.

हरेश्वर आरशात स्वतःकडे बघत राहिला. “आपल्या शर्लिनवर?” एवढंच म्हणाला. मग उठला, गळ्याशी बांधलेलं कापड स्वतःच सोडलं आणि चालू लागला. मी ओरडलो, “अरे, उजवी बाजू राहिलीय!” तोवर त्याची स्कूटर वटारच्या रस्त्याला लागली होती.

पुढचं हरेश्वरने सांगितलं ते असं. विल्सन वाडीत केळीची पानं कापत होता. हा समोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, “शर्लिनचं मना सांगितलं का न्हाई? मी तिचा कोन हाय?” विल्सनने विळा खाली ठेवला. मग त्याची नजर हरेश्वरच्या डोक्यावर गेली. एक बाजू साफ, दुसऱ्या बाजूला झुडूप. म्हणाला, “हे काय घेऊन आलास?” आणि हसता हसता त्याला तिथेच बांधावर बसावं लागलं. हरेश्वर त्याच्या शेजारी बसला. दोघं दुपारपर्यंत तिथे होते.

तासाभरात परत येईल म्हणून मी दुकान उघडं ठेवून बसलो होतो. तो संध्याकाळी आला आणि उजवी बाजू करून घेतली. सोबत विल्सनचा निरोप होता. “खुर्चीतलं खुर्चीत राहायला हवं होतं.”

त्यानंतर तीन महिने विल्सन माझ्याकडे आला नाही. दाढी घरी करायचा, केस कुठे कापत होता कोण जाणे. हरेश्वरशी त्याचं जमलं होतं, माझ्याशी तुटलं होतं. त्याला मी दोष दिला नाही. चूक माझी होती. पण मला खंत सांगून टाकल्याची आहे, की सव्वा वर्ष उशिरा सांगितल्याची, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

नाताळला शर्लिन रजेवर आली. एका सकाळी हरेश्वरची गाडी दुकानापुढे थांबली. आधी शर्लिन उतरली, मागून हरेश्वर, आणि शेवटी, ओढून आणल्यासारखा, विल्सन. तो दारातच उभा राहिला.

“दत्ताकाका,” शर्लिन म्हणाली, “पप्पांचे केस असे का झालेत? व्हिडिओ कॉलवर बघून मला वाटायचं आजारी आहेत आणि माझ्यापासून लपवतायत.”

“वय झालं आता,” विल्सन दारातून म्हणाला.

“वय न्हाई,” हरेश्वर म्हणाला. “त्या गाणाऱ्यावरचा राग हाय. तुझ्यापायी.”

शर्लिन वडिलांकडे बघत राहिली. तिला हे माहीत नव्हतं. “म्हणजे गाणीही ऐकत नाही तुम्ही?”

विल्सनने मान हलवली.

ती बाकावर बसली. “तो बोलला ते मी वाचलं, पप्पा. मला संताप आला. समोर असता तर मी त्याला ऐकवलं असतं. पण त्या दिवशी बसस्टॉपवरून मी खोलीवर गेले, गणवेश धुवायला टाकला, आणि मला तुम्हाला फोन करायचा होता, तर इथे पहाट झाली नव्हती अजून. मग मी काय केलं माहितीये? ती गाणी लावली. सगळी. तुम्ही मला सायकलवर पुढे बसवून शाळेत न्यायचात तेव्हा हीच गाणी म्हणायचात. बेसूर. माझ्या कानात तो गातच नाही. तुम्ही गाता.”

पुतण्याने चालू मशीन बंद केलं. हरेश्वर उगाच आरशापुढच्या बाटल्या सरळ रेषेत लावत बसला.

विल्सन आत आला. माझ्या खुर्चीत बसला. खूप दिवसांनी मी त्याच्या खांद्यांवर कापड टाकलं. आरशात त्याने माझ्याकडे पाहिलं आणि घसा साफ करून म्हणाला, “दत्ताभाऊ, फक्त दाढी. वर कात्री लावू नका. वाढू दे.”

मी बरं म्हणालो.

सलूनमध्ये पुढे आरसा, मागे आरसा, बाजूला आरसा. तोंड लपवायला माणसाला जागा नसते, आणि विल्सनला त्या क्षणी ती हवी होती. मुलगी मागे बसली होती, मित्र शेजारी उभा होता. मी गरम पाण्यातून टॉवेल काढला, पिळला, आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत त्याच्या चेहऱ्यावर पसरला. दाढी मऊ व्हायला दोन मिनिटं पुरतात. मी तो थंड होईपर्यंत उचलला नाही.